कुंभ्याचे फुटवे

ऐक फक्त. मधे काही विचारू नको, एकदा धागा सुटला की मला परत सापडायचा नाही. आधी सगळं सांगून होऊ दे, मग तू बोल. सुशांत घाडीची गोष्ट आहे. कणकवलीत एका घराच्या वरच्या माळ्यावर खोली घेऊन राहायचा, एका संस्थेच्या जंगलाच्या कामावर सुपरवायझर होता. दोन हजार सातचा मे, शेवटचा रविवार. सकाळचे नऊ वाजलेत, हा गॅलरीत उभा राहून दाढी करतोय, आणि खालून घरमालकीण, किशोरीकाकू, वर बघून त्याला म्हणते, "सुशांता, तुझा ता जंगलातला औषध हाड रे थोडा. न्हाणीयेच्या भिंतीत पिंपळ इलो हा. पिंपळ मां तो, कापूक येना नाय. तू नुसता बुडाक औषध लाव, मगे आपणच सुकात." एवढंच. रविवार सकाळी कोणी कोणाला सांगतं तसं सांगितलं आणि बाई धुणं वाळत घालायला गेली. पण ह्याचा हात गालावर थांबला. साबण सुकून खाज यायला लागली तरी थांबलेलाच. गॅलरीतून वाकून बघितलं तर भिंतीच्या भेगेत खरंच पिंपळ, वीतभर, सहा-सात पानं, शेंड्याला तांबूस. वारा अजिबात नव्हता आणि पानं हलत होती, पिंपळाची हलतात तशी. बघतंय म्हणाला तो काकूला, तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मग आत आला, अर्धी दाढी तशीच, आणि खाटेवर बसला. आपणच सुकात. हे शब्द काकूचे नव्हतेच. पाच महिन्यांपूर्वी, डिसेंबरात, आबांच्या अंगणात बसून त्यानंच म्हटले होते, ह्याच क्रमानं, ह्याच सुरात, अगदी सहज.

आता आबा कोण ते सांगतो. सुशांतच्या बापाचा थोरला भाऊ. बाप लवकर गेला, आबांनी वाढवलं. गाव फोंड्याच्या पुढे, घाटाच्या अलीकडे, नाव मुद्दाम घेत नाही. घाडी म्हणजे देवासमोर गाऱ्हाणं घालणारं घराणं, म्हणजे गावाला देवाकडे जे काही मागायचं, विचारायचं, कबूल करायचं, ते घाड्याच्या तोंडून जातं. चाळीस वर्षं ते आबांच्या तोंडून जात होतं. लग्न ठरायचं असो, पालखी बाहेर काढायची असो, कोणाची म्हैस हरवलेली असो. आबा नारळ हातात घेऊन उभे राहिले की गाव मागे हात जोडून उभा, आणि दर वाक्याला सगळ्यांचं एकदम व्हय म्हाराजा. सुशांत लहान असताना त्याला वाटायचं देव आबांना घाबरतो. घरात आबा फार बोलत नसत. जेवताना मीठ हवं असलं तर बोटानं दाखवायचे. सगळे शब्द तिकडेच खर्च होत असणार, असं सुशांतची आई म्हणायची.

आणि रान. गावाच्या वरच्या अंगाला वन खात्याचं सागाचं रान, पंधरा-सोळा वर्षांची लागवड, गावाची समिती राखायची. त्या सागात कुडा, घाणेरी, कुंभा, नको तो सगळा झाडोरा माजलेला. दरवर्षी कोयता घेऊन माणसं जायची, साफ करून यायची, आणि पावसाळा सरला की एका बुंध्याला चार-चार फुटवे. साग बिचारा मधे कोंडलेला, काठीसारखा उंच आणि तेवढाच बारीक. म्हणून संस्था आली, औषध घेऊन. औषध म्हणजे झाड मारायचं औषध, डिझेलमध्ये मिसळायचं आणि ब्रशनं बुंध्याला बुडापासून गुडघ्यापर्यंत चारी बाजूंनी ओलं करायचं. तोडायचं नाही, खणायचं नाही. सालीतून आत जातं आणि मुळापर्यंत मरतं, परत फुटत नाही. सुशांतच्या ताब्यात पाच हेक्टर दिले होते, नमुना म्हणून. मार्चमध्ये साहेब लोक बघायला येणार, तुकडा साफ दिसला तर हा कायम, नाही तर मार्चअखेर घरी. आणि तुकड्याची खालची कड राईला लागून.

राई देवाची. तिथे लोखंड नेत नाहीत. कोयता, कुऱ्हाड, साधी सुरीसुद्धा नाही, वाहणा बाहेर काढून आत जायचं, वाळून पडलेली फांदी जिथे पडली तिथेच कुजते. मधोमध एक कुंभा, दोन माणसांच्या कवेत न येणारा, खाली शेंदूर नसलेला एक साधा दगड, तो राखणदार. त्या कुंभ्याभोवती आणि तिथून थेट सागाच्या कडेपर्यंत फुटवे आलेले, चाळीस असतील, पन्नास असतील, मनगटाएवढे, दंडाएवढे. संस्थेचे मोठे साहेब येऊन बघून गेले होते. ते म्हणाले, ही कड अशी ठेवली तर तुमचा तुकडा धरता येणार नाही, दोन वर्षांत सगळं परत आत शिरेल. ते काही वाईट बोलले नाहीत, चहा घेतला, गेले. सुशांत त्या कडेला उभा राहून फुटवे मोजत बसला, आणि मोजता मोजताच त्याला सुचलं की नियम लोखंडाचा आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आबांकडे गेला. आबा अंगणात सुपारी सोलत होते. ह्यानं सगळं समजावलं, औषध, ब्रश, डिझेल, गावाला सागातून उद्या काय मिळेल ते. आबांनी ऐकलं. मग विचारलं, "कोयतो लागतलो?" नाय म्हणाला. "माती उकरतलास?" नाय. "मगे झाड मरता कसा?" तेव्हा तो म्हणाला, नुसता बुडाक औषध लावूचा, मगे आपणच सुकता. आबांनी सोललेली सुपारी बाजूला ठेवली. नंतर म्हणाले, देवाक काय इचारूचा ता माका नीट सांग. आणि सुशांतनं वाक्य सांगितलं. घरून तयार करूनच आला होता. त्यात धाकटी झुडपं होती, राईची कड होती, लोखंड लागणार नाही हे होतं. मोठ्या कुंभ्याचं नाव नव्हतं. आबांनी ते वाक्य तीनदा म्हणून पाहिलं, ओठ हलवत, डोळे मिटून, शाळेतल्या पोरासारखं, आणि तिसऱ्या वेळी एक शब्द चुकला तर सुशांतनं तो सुधारला. आता खाटेवर बसून त्याला नेमकं ते आठवत होतं, तो सुधारलेला शब्द. आबा झाडां म्हणाले होते. ह्यानं सांगितलं, झाडां नाय आबा, झुडपां.

सोमवारी देवळात गाव जमला. कौल कसा घेतात माहीत आहे ना, देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार. आबांनी आधी गावातल्या सगळ्या राखणदारांची नावं घेतली, चौदा जागा, चौदा नावं, आणि मग स्वच्छ आवाजात म्हणाले, "बा देवा रवळनाथा म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत. राईच्या कडेक जी धाकटी झुडपां वाढली आसत, त्येंच्या बुडाक औषध लावूचा म्हणतंव. तुझ्या राईत कोयतो येवचो नाय, कुऱ्हाड येवची नाय, लोखंड लागाचा नाय. तुझी मर्जी आसात तर उजवो दी." व्हय म्हाराजा. सुशांत आबांच्या उजव्या हाताला उभा होता. समईच्या तेलाचा वास, शेजारच्या गंगारामच्या अंगाला येणारा तंबाखूचा वास. गंगाराम म्हणजे गावच्या मानकऱ्यांतला सगळ्यात मोठा, त्याच्याशिवाय काही हलत नाही. पाकळी पडेना. पाच मिनिटं, सात मिनिटं. सुशांतचं लक्ष देवाकडे नव्हतंच, आबांच्या मानेकडे होतं, तिथे एक शीर उडत होती. आणि त्याला एकदम वाटलं डावी पडावी. म्हणजे बघ, स्वतःच सगळं घडवून आणलेलं, आणि त्या क्षणी पोटातून वाटलं डावी पडू दे, म्हणजे सुटलो. उजवी पडली. गावानं एकदम श्वास सोडला आणि गंगारामनं ह्याच्या पाठीवर थाप मारली.

त्याच आठवड्यात काम झालं. पाच माणसं, डालड्याच्या डब्यांत औषध, हातात रबरी मोजे. मथुराक्का होती त्यात, साठीची बाई, मोजे घालून हात असे पुढे धरून चालायची आणि म्हणायची, बाळंतपण करूक जातंय. शिवा होता, तो तिची टर उडवायचा. राईत वाहणा काढून गेले सगळे. ओले केलेले बुंधे काळपट दिसत होते, गुडघ्यापर्यंत मोजे घातलेली पोरं रांगेनं उभी असावीत तसे. डिझेलचा वास राईत कधी आलेला नव्हता, तिथल्या पानांच्या कुजट थंड वासात तो वेगळाच कळत होता, तेलाचा तवंग पाण्यावर वेगळा कळतो तसा. मोठ्या कुंभ्याच्या अगदी जवळच्या फुटव्याशी मथुराक्का थांबली. फुटव्याच्या बुडाची पानं पायानं बाजूला केली तर खाली मूळ दिसलं, मांडीएवढं जाड, सरळ कुंभ्याकडे गेलेलं. ती म्हणाली, "सगळी एकाच आवशीची पोरां ही. पोरांच्या पायाक ईख लावलंस तर आवशीच्या पोटात जावचा नाय काय रे, सुशांता?" शिवानं लगेच तिच्या मुलाला मधे ओढलं, "तुझो झील दारू पिता, ती तुका चढता काय गो?" "चढता तर. पिता तो नि डोक्या माझा फिरता." सगळे हसले. सुशांतही हसला. बराच हसला, असं त्याला आठवतं, गरजेपेक्षा थोडं जास्त. मग म्हणाला, लाव, लाव, जेवच्या आदी संपवया. आणि तिनं लावलं. त्या फुटव्याला, मग त्याच्या पलीकडच्याला. बाई सांगितलेलं काम नीट करायची, चारी बाजूंनी, एक बोट कोरडं ठेवायची नाही.

आता खरी गोम इथे आहे, आणि ती त्यानं तेव्हा कोणालाच सांगितली नाही. कामाआधी फोंड्याला दोन दिवसांचं शिबिर झालं होतं. पुण्याहून एक साहेब आले होते, बारीक आवाजाचे, फळ्यावर मुळांची चित्रं काढायचे. दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या जरा आधी, ते म्हणाले होते की मोठं झाड राखायचं असेल तर त्याच्या आसपासच्या त्याच जातीच्या फुटव्यांना औषध लावू नका, ते एकाच मुळावरचे असू शकतात, औषध मुळातून मोठ्याकडे जातं. एक वाक्य. लगेच जेवणाची सुटी झाली. आता सुशांत स्वतःशी महिनाभर हा वाद घालत होता की ते वाक्य मी ऐकलं होतं का. तो म्हणायचा, नसेल ऐकलं, भूक लागली होती, खिडकीतून वड्यांचा वास येत होता, मागे कोंबडीचा रस्सा उकळत होता, लक्ष तिकडे होतं. पण बघ ना, तो वास त्याला कुठे आठवतो? नेमका त्या वाक्याच्या शेवटी. मोठ्याकडे जातं, असं साहेब म्हणाले आणि तळणीत वडा पडल्याचा चर्र आवाज आला. वाक्य ऐकलं नसतं तर आवाज वाक्याला कसा चिकटला असता? मग तो दुसरीकडून सुरू करायचा. ऐकलं होतं, पण वाक्य तयार करताना आठवलं नव्हतं. मग ते झाडां-झुडपां आडवं यायचं, झाडांत मोठा कुंभाही येतो, झुडपांत येत नाही. आठवलं नव्हतं तर सुधारलं कशाला? तिथे येऊन तो थांबायचा, आणि उठून पाणी प्यायचा.

कुंभ्याची पानं थंडीत लाल होतात, दरवर्षी. जानेवारीत राईतला कुंभा लाल झाला, मे महिन्यात गुलमोहर दिसावा तसा, रस्त्यावरून दिसायचा. कोणाला काही वाटलं नाही. शाळेतल्या बाई पोरांना घेऊन बघायला गेल्या. सुशांत मात्र रोज कामावर जाताना बघायचा आणि त्याला लाल थोडं जास्त वाटायचं, आणि लगेच वाटायचं की हे आपल्या डोक्यात आहे. फेब्रुवारीत पानं गळली. तीही दरवर्षी गळतात. फुटवे सगळे मेले, काटक्या झाल्या, तुकडा कडेपर्यंत साफ. मार्चमध्ये साहेब लोक आले, फोटो काढले, ह्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. एप्रिलच्या सुरुवातीला कायम झाल्याचं पत्र आलं. आणि कुंभ्याला पालवी नाही. रानातल्या बाकीच्या कुंभ्यांना पांढरी-गुलाबी फुलं येऊन सकाळी खाली सडा पडायला लागला, ह्याला एक कळी नाही. मथुराक्का एकदा राईत गेली आणि नखानं साल खरवडून बघितली. खाली तपकिरी. ती कोणाला काही बोलली नाही. सुशांतला रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, जेवलंस? तो हो म्हणाला, ती गेली. तिचं ते जेवलंस त्याला पुढे किती दिवस पुरलं.

गावात काय ठरलं सांगू? औषधाचा कोणाला संशयच आला नाही. का येईल? औषध मोठ्या झाडाला लावलंच नव्हतं, लोखंड लागलं नव्हतं आणि देवानं उजवा दिला होता. देव उजवा देईल आणि स्वतःचंच झाड मारेल, असं कसं होईल. म्हणजे चूक गाऱ्हाण्यात. घाड्याच्या तोंडून काहीतरी राहिलं, राखणदार दुखावला. गंगारामनं हे आबांच्या अंगणात येऊन, तिथल्या बाकावर बसून, फार हळू सांगितलं. आणि आबांनी मान्य केलं. लगेच. वाद नाही, काही नाही. त्यांना आधीच वाटत होतं. तेव्हापासून आबा दिवसभर अंगणात बसून चौदा नावं म्हणायचे, बोटांवर मोजत. तेरा व्हायची. परत मोजली की चौदा. परत तेरा. सुशांत शनिवारी गावी गेला की समोर बसायचा. आदल्याच शनिवारची गोष्ट, आबांनी मोजणं थांबवलं आणि त्याच्याकडे बघितलं. "तू बाजूक होतंस मां. माझ्या तोंडातसून वाटेवरच्या देवचाराचा नाव सुटला काय रे?" सुटलं नव्हतं. ह्याला स्वच्छ ऐकू आलं होतं, नववं नाव, वाटेवरच्या राखणदाराचं, त्यावर आबांना बारीक ठसका लागला होता. आणि हा म्हणाला, "माका याद नाय, आबा." आबांनी मान हलवली. त्यांना तेवढं पुरलं. मग म्हणाले, तर सुटलाच.

आणि आज रविवार, चार वाजता देवळात जमायचं होतं. त्याला हे आठवडाभर माहीत होतं, पण पिंपळाच्या त्या पानांनी सकाळपासून सगळं अंगावर आणलं. उरलेली दाढी त्यानं केली. शर्ट इस्त्रीचा घातला, मग काढला, साधा घातला. दोनच्या उन्हात मोटरसायकल काढली. हायवे, नांदगाव तिठ्यावरून उजवीकडे, फोंड्याचा रस्ता. डांबर वितळलेलं, टायर चिकटल्यासारखा आवाज. दोन्ही बाजूंना काजूची झाडं, बोंडं गळून कुजल्याचा आंबूस वास. तो वाक्यं जुळवत होता. आबा, नाव सुटलं नव्हतं. आबा, मुळं एक होती. आबा, माका म्हायत होता. तिसरं वाक्य जमेना, कारण ते खरं की खोटं हेच ठरत नव्हतं, आणि खरं ठरलं तर पुढे अजून एक वाक्य येत होतं. मला माहीत होतं, तर मग मी देवाला जे विचारायला लावलं त्याला देवानं उजवा कसा दिला? एक तर देवाला कळलं नाही. किंवा पाकळी नुसती पाकळी. आणि मग चाळीस वर्षांच्या सगळ्या पाकळ्या, त्यांवर ठरलेली लग्नं, सुरू केलेल्या विहिरी. फोंड्याच्या बाजारात एका टपरीवर तो सोडा प्यायला थांबला. सोड्यानं नाक झोंबलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याला बरं वाटलं की डोळ्यांत पाणी यायला काहीतरी कारण आहे.

देवळात पन्नास-साठ माणसं होती. बायका एका बाजूला, मथुराक्का खांबाला टेकून. आबा पुढे होते, पण नारळ त्यांच्या हातात नव्हता. गंगारामनं रीत सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगितली. झालेल्या चुकीचं गाऱ्हाणं घालायचं, आणि चूक ज्याची त्याचं पूर्ण नाव देवासमोर घ्यायचं. नाव घेतलं गेलं की तो माणूस वर्षभर पालखीला खांदा देत नाही, जत्रेत देवळाच्या पायरीवर चढत नाही, बाहेर उभा राहतो. आणि आबांचं तोंड आता बंद, तेव्हा गाऱ्हाणं पुढच्या घाड्यानं घालायचं. आबांना मूल नव्हतं, पुढचा घाडी म्हणजे सुशांत. गंगारामनं नारळ ह्याच्या हातात दिला. नारळ गार होता, शेंडी ओली. आबा हात जोडून उभे राहिले, मागे, गावाच्या रांगेत. ह्यानं त्यांना तिथे कधीच बघितलं नव्हतं. रांगेत ते बुटके दिसत होते.

त्यानं चौदा नावं घेतली. सगळी आली, एक सुटलं नाही, त्यालाच नवल वाटलं. नववं त्यानं जरा मोठ्यानं घेतलं. मग म्हणाला, बा देवा रवळनाथा म्हाराजा, तुझ्या राईतलो कुंभो सुकलो. व्हय म्हाराजा. ह्येच्यात कळान-नकळान जी काय चूक झाली. व्हय म्हाराजा. आणि तिथे थांबला. कळून की नकळून, दोन्ही एका दमात बोलायची रीत आहे, पूर्वीपासून, आणि महिनाभर हा ज्याच्याशी झगडत होता ते ह्या लोकांनी केव्हाच एका शब्दात बांधून ठेवलेलं. मागे कोणीतरी खोकलं. आबांचं नाव त्याच्या जिभेवर होतं, म्हणजे अक्षरशः, पहिलं अक्षर तयार होतं, ओठ उघडलेले होते. आणि तो म्हणाला, "ती चूक सुशांत वासुदेव घाड्याची."

कोणी व्हय म्हाराजा म्हणेना. त्यानं मान खाली घातली होती. त्याला वाटलं, झालं. आता विचारतील, कशी तुझी, आणि मी सांगेन. मग मागून एक बाई रडल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग गंगाराम पुढे होऊन म्हणाला, "घाड्याचा रगत आसा ह्या. चुलत्याची चूक माथ्यार घेतल्यान." आणि मग सगळ्यांचं एकदम, देऊळ हलेल असं, व्हय म्हाराजा. ह्यानं वळून बघितलं. सगळे चेहरे असे ह्याच्याकडे लागलेले, जसे लहानपणी आबांकडे लागलेले बघितले होते. फक्त मथुराक्का खांबाशी तशीच उभी, ना रडत ना काही, ह्याच्याकडे बघत. आबा रांगेतून पुढे आले. हात ह्याच्या डोक्यावर ठेवला. "कित्याक घेतलंस रे झिला?" तो म्हणाला, "आबा, खराच माझी चूक." आणि आबा हसले. महिन्याभरात पहिल्यांदा. "व्हय, व्हय," म्हणाले, आणि डोक्यावरून हात फिरवत राहिले, तापातल्या पोराची समजूत काढतात तसे.

म्हणजे त्यानं सांगितलं, दोनदा सांगितलं, एकदा देवाला आणि एकदा आबांना. अजून एकदा सांगायचं तर मुळं आली, शिबिर आलं, झाडां-झुडपां आलं, उजवा कौल आला, आणि आबांच्या हाताखालून आपलं डोकं काढून घेणं आलं. न सांगायचं तर आबा मरेपर्यंत तेरा-चौदा मोजणार, आणि वर पुतण्याचे उपकार. हे सगळं त्याच्या डोक्यातून किती वेळात गेलं असेल? गंगारामनं त्याच्या हातातून नारळ घेऊन पायरीवर आपटला तेवढ्या वेळात. पहिला तुकडा गाऱ्हाणं घालणाऱ्याचा असतो. गंगारामनं खोबरं पुढे केलं, सगळं देऊळ बघतंय, आबांचा हात अजून डोक्यावर, मथुराक्का खांबाशी, आणि सुशांतनं तोंड उघडलं, मग हात पुढे करून तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. झालं, एवढंच. आता बोल तू. तू काय केलं असतंस?